पुणे मार्केटयार्डातला भुसार बाजार: वर्षाचं धान्य मी इथूनच का भरते

गुलटेकडीच्या मार्केटयार्डात भुसार विभागातल्या एका गाळ्यातून आम्ही बरीच वर्षं गहू, तांदूळ, ज्वारी, तूरडाळ, गूळ सगळं घेतोय आणि सोसायटीतल्या, ऑफिसातल्या इतक्या जणी विचारतात की नक्की कुठून घेतेस, काय बघून घेतेस, तर म्हटलं एकदाच नीट सविस्तर लिहून टाकावं. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण त्या भागात असे चांगले गाळे आणखीही आहेत आणि चांगला गाळा ओळखायचा कसा हे कळलं की नावाची गरज पडत नाही.

आधी मुद्द्याचं सांगते. मला हे दुकान का आवडतं, तर तिथं तीन प्रश्नांची सरळ उत्तरं मिळतात: जात कोणती, माल कुठला आणि कोणत्या हंगामाचा. बस. बाकी एसी नाही, ट्रॉली नाही, ऑफर नाही. मॉलमध्ये किंवा मोबाईलवरून मागवलेल्या पाकिटावर प्रीमियम, गोल्ड, सुपीरियर असं काय काय छापलेलं असतं, पॅकिंगची तारीख पण असते, पण पॅकिंगची तारीख म्हणजे पिकाची तारीख नव्हे हो! दोन वर्षं गोदामात पडलेली डाळ मागच्या आठवड्यात पिशवीत भरली तरी तारीख मागच्या आठवड्याचीच पडणार. आणि आपल्या स्वयंपाकात फरक पडतो तो त्या दोन वर्षांमुळे, पिशवीमुळे नाही.

आमच्या घरात सासूबाईंचा एक नियम आहे, तांदूळ जुना आणि डाळ नवी. त्या सोलापूरकडच्या, धान्यात त्यांची नजर अशी की पोतं उघडल्या उघडल्या सांगतात हे पावसात भिजलंय का नाही. हा नियम नुसता जुन्या लोकांचं म्हणणं म्हणून सोडून देऊ नका, त्यामागं कारण आहे. तांदूळ साठवणीत मुरतो, त्यातला ओलावा कमी होतो, मग तो पाणी जास्त पितो, भात फुलतो आणि शितं सुटी राहतात. डाळीचं बरोबर उलटं, जुनी झाली की दाणा कडक होत जातो, कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या काढा तरी वरण एकजीव होत नाही, डाळ खाली आणि पाणी वर. तेव्हा दुकानदाराला "चांगली डाळ द्या" म्हणण्याऐवजी "यंदाची आहे का" हे विचारा, आणि तो काय उत्तर देतो, किती पटकन देतो ते बघा.

तांदळावर जरा जास्त लिहिते कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच आहे. पुण्यात आंबेमोहर म्हणून जे काही विकलं जातं त्यातलं सगळं आंबेमोहर नसतं. खरा आंबेमोहर मुळशी, मावळ भागातला, दाणा आखूड, थोडा गोलसर, उतारा, म्हणजे एकरी पीक, कमी म्हणून शेतकरी पण कमीच लावतात, मग बाजाराला पुरणार कुठून? त्याच्या नावाखाली आंध्र आणि मध्य प्रदेशातले बारीक आखूड दाण्याचे दुसरे तांदूळ खपतात. ते तांदूळ वाईट आहेत असं अजिबात नाही, रोजच्या वरणभाताला छान लागतात, पण मग त्यांच्या नावानं आणि त्यांच्या भावानं विका ना. आमचे शेठ स्वतःहून सांगतात, "वहिनी, हा आंबेमोहर टाईप आहे, मावळचा नाही, मावळचा आला की फोन करतो." हे एक वाक्य मला फार मोलाचं वाटतं.

इंद्रायणी मात्र बिनधास्त घ्यावा, मावळचा, भोरचा. ही जात वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं १९८७ साली आणली, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून, त्यामुळे आंबेमोहराचा वास थोडा उतरलाय आणि उतारा पण बरा. इंद्रायणीचा भात मऊ आणि थोडा चिकटच होतो, तो त्याचा गुणच आहे, त्याचा पुलाव करायला जाऊन मग तांदूळ खराब निघाला असं म्हणू नका. मऊ भात, त्यावर मेतकूट आणि तूप, किंवा लहान मुलांचा गुरगुट्या भात यासाठी इंद्रायणीसारखा तांदूळ नाही. इंद्रायणी फार जुना करण्यातही अर्थ नाही, वास उडून जातो, म्हणजे सासूबाईंच्या नियमाला इथं अपवाद. मसालेभाताला, मोकळ्या भाताला कोलम घ्यायचा आणि तो जुना घ्यायचा. वाडा कोलम म्हणजे पालघरमधल्या वाडा तालुक्यातला, त्याला २०२१ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, पण वाडा कोलम असं नाव प्रत्येक दुसऱ्या पिशवीवर दिसतं, एका तालुक्यात एवढा तांदूळ पिकेल का याचा विचार आपणच करायचा.

नवा की जुना हे नुसतं बघून कळतं का? थोडंफार कळतं. नवा तांदूळ पांढराफेक आणि हाताला किंचित गार लागतो, जुना जरा पिवळसर. पण खरी परीक्षा शिजवूनच. आणि इथंच हे दुकान माझ्यासाठी जिंकतं, वानगी देतात. पूर्ण कट्टा घ्यायच्या आधी अर्धा किलो घरी न्यायचा, त्याचे रीतसर पैसे द्यायचे, भात लावायचा, दुपारी गरम खायचा आणि उरलेला रात्री गार खाऊन बघायचा, कारण गार झाल्यावर भात दगडासारखा होतो का ते डब्यासाठी महत्त्वाचं असतं. पटलं तर त्याच पोत्यातला, त्याच लॉटचा कट्टा घ्यायचा. लॉट बदलला की शेठ सांगतात, नव्यानं वानगी न्या म्हणतात. जो दुकानदार वानगी द्यायला कां कू करतो तिथून मी तरी वर्षाचा माल घेणार नाही.

गव्हाचं सांगायचं तर रोजच्या चपातीला आम्ही लोकवन घेतो. लोकवन म्हणजे लोक १, गुजरातेत सणोसरा इथल्या लोकभारती संस्थेतून आलेली जात, आपल्याकडे इतकी रुळली की ती बाहेरची वाटतच नाही. शरबती महाग असतो, मध्य प्रदेशातल्या सिहोर भागाचा, तिथल्या शरबतीला २०२३ मध्ये जीआय मिळालं. दाणा टपोरा, सोनेरी, चपाती गोडसर आणि मऊ होते हे खरंय, पण फरक डब्यातल्या चपातीत कळतो, तव्यावरून थेट ताटात पडणाऱ्या चपातीत फारसा नाही. तेव्हा घरात सगळे गरमच खाणारे असतील तर चांगला लोकवन घ्या आणि उरलेल्या पैशात तूप चांगलं घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानातल्या जुन्या कामगार काकांची गहू दाखवायची पद्धत बघण्यासारखी आहे: पोत्यात वरून हात घालत नाहीत, लोखंडी नळी मधोमध खुपसून आतला गहू काढतात, स्टीलच्या ताटलीत पसरतात, बारके सुरकुतलेले दाणे बोटानं एका बाजूला करतात आणि म्हणतात मोजा आता. मग एक दाणा दाताखाली, कट् असा आवाज आला पाहिजे. दबला तर ओला आहे, कोठीत कीड लागणार. सासूबाई पुढची परीक्षा घेतात, दहाबारा दाणे तोंडात टाकून चावत राहायचं, पीठ निघून जातं आणि चिवट गोळी उरते, ती गोळी जेवढी ताणते तेवढी कणीक चांगली मळली जाते. मी तसंच करते आता आणि तिथं कुणी हसत नाही, उलट बाजूचे लोक पण दोन दाणे तोंडात टाकतात.

खपलीबद्दल हल्ली फार विचारतात. सांगली, सातारा, बेळगाव भागातला हा जुना गहू, दाण्याला घट्ट टरफल असतं ते वेगळं काढावं लागतं, म्हणून भाव जास्त. खिरीला, लापशीला अप्रतिम. चपाती करायची असेल तर मळायचा सराव लागतो. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, खपलीत ग्लुटेन असतं. ज्यांना सिलियाक, म्हणजे ग्लुटेन न चालण्याचा आजार, आहे त्यांनी तो ग्लुटेन फ्री समजून खाऊ नये, अजिबात नाही. कुणी पाकिटावर तसं लिहून विकत असेल तर ते धोक्याचं आहे.

आता तूरडाळ. लोकांना पिवळीधमक, चकचकीत डाळ आवडते आणि गंमत नाही, खरंच सांगते, चकाकी ही डाळीची नसते, पॉलिशची असते. पाण्याचं पॉलिश, तेलाचं पॉलिश आणि वाईट लोक असतील तर शंखजिऱ्याची पावडर पण. सोरटेक्स म्हणजे पॉलिश असं पुष्कळ जण समजतात पण तसं नाहीये, सोरटेक्स मशीनमध्ये कॅमेऱ्यानं रंग बघून खडे आणि डागी दाणे बाजूला काढतात, डाळीला काही लावत नाहीत. म्हणजे सोरटेक्स केलेली आणि पॉलिश न केलेली डाळ मिळू शकते, तीच मागा. मूठभर डाळ तळहातावर जोरात चोळा, तेलकट चमक राहिली तर तेल आहे, पांढरट पूड राहिली तर विचारा की ही काय आहे, कारण पॉलिश न केलेल्या डाळीची पण थोडी पिवळसर पूड निघते, ती डाळीचीच असते, पांढरी मात्र नको.

माल कुठला हे डाळीत फार महत्त्वाचं. लातूर, अकोला, कलबुर्गी, इथल्या मिलची डाळ आमच्याकडे चालते. बाजारात म्यानमारची लेमन तूर येते, मोझांबिक, टांझानियाकडून पण तूर येते, देशात तूर कमी पडते तेव्हा आयात होणारच, त्यात चुकीचं काही नाही. पण आमच्या आमटीला लातूरकडच्या डाळीची जी चव येते ती त्यांना येत नाही असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे, आणि आमच्या शेठनी कधीही आयात माल गावरान म्हणून गळ्यात मारला नाही.

डाळीत आणखी एक बघायचं ते लाखेची भेसळ. लाख म्हणजे खेसारी, विदर्भात भंडारा, गोंदियाकडे पिकते, लाखोळी पण म्हणतात. ती भरपूर आणि सतत खाण्यात आली तर पायातली ताकद जाते, म्हणून केंद्रानं १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी घातली होती. तूरडाळ गोलसर, मधे फुगीर असते, लाखेचा दाणा एका बाजूनं तिरका आणि कडांना चौकोनी दिसतो, रंग जरा मळकट. ताटलीत डाळ पसरून दोन मिनिटं शांतपणे बघितलं की वेगळा दाणा डोळ्याला लगेच टोचतो. सुटी डाळ घेणार असाल तर ही दोन मिनिटं द्याच, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी.

ज्वारीच्या बाबतीत मी पूर्णपणे सासूबाईंवर अवलंबून आहे. त्यांना मालदांडीच लागते, मंगळवेढ्याची मिळाली तर उत्तमच, तिला जीआय आहे २०१६ पासून. मालदांडी रब्बीची, दाणा मोत्यासारखा पांढरा आणि टणक, भाकरी पांढरीशुभ्र, गोड. खरिपाच्या हायब्रीड ज्वारीवर कणीस असताना पाऊस पडला की दाणा काळपट होतो, भाकरीचा रंगही जातो आणि चवही. आणि कितीही चांगली ज्वारी आणली तरी पीठ एकदम दळून ठेवू नका, दोन-तीन आठवड्यांचं दळा, जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग भाकरी थापताना कडेला चिरा पडतात आणि आपण उगाच आपल्या हाताला दोष देतो.

तेल मी इथून थोडंच घेते, शेंगदाण्याचं घाण्याचं तेल घराजवळ लाकडी घाण्यावर समोर काढून मिळतं. पण डबा घेणाऱ्यांनी एक बघा, १५ किलोचा डबा आहे की १५ लिटरचा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या आसपासच तेल येतं. भाव विचारताना दोन दुकानांत दीडशे-दोनशेचा फरक दिसला की स्वस्त वाटतं ते या हिशोबानं महाग पण निघू शकतं.

डाळीच्या चकाकीसारखंच गुळाच्या ढेपेचं, पिवळीजर्द चकचकीत ढेप दिसली की मी पुढं जाते, तो रंग बहुतेक वेळा हायड्रोस पावडरचा, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनाचा, असतो. कोल्हापूरकडचा गूळ भेंडीच्या चिकानं मळी काढलेला असेल तर तो तांबूस तपकिरीच असणार, थोडा मऊ, पावसाळ्यात पाझरतो पण. चिकटपणा सहन करायचा, पुरणपोळीला तोच लागतो.

मिरची आणि हळद अख्खीच घ्या, पावडर नको. ब्याडगी रंगाला, तिखटपणाला संकेश्वरी नाहीतर गुंटूर. मिरची घेताना एक मोडून आत बघायची. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेलं असेल तर ती मोडताना कुरकुर वाजत नाही, वाकते, आणि आत करडी बुरशी दिसते. अशी मिरची उन्हात वाळवली तरी घेऊ नये, बुरशी काही उन्हानं निघत नाही. हळकुंड पण फोडून घ्या, वरचा पिवळा रंग चोळून लावलेला असू शकतो, आतला नारिंगी रंग लपत नाही. सांगलीची राजापुरी हळद फेब्रुवारीनंतर नवी यायला लागते, तेव्हाच आणून दळून घ्यायची.

आता या दुकानात न आवडणाऱ्या गोष्टी, कारण त्या आहेत. साफ केलेला गहू म्हणून देतात तरी घरी चाळावा आणि निवडावाच लागतो, कणी आणि क्वचित खडा असतोच. पाच किलोच्या खाली द्यायला ते फार उत्सुक नसतात. बिलावर जात लिहून मागावी लागते, आपणहून नुसतं "गहू" लिहितात, तुम्ही "लोकवन, यंदाचा" असं लिहून घ्या, पुढच्या वर्षी तेच बिल दाखवता येतं. हमाली वेगळी, टेम्पोचं भाडं वेगळं, हे आधी विचारून घ्या म्हणजे घरी पोचल्यावर वाद नको. आणि पाडवा ते अक्षय्य तृतीया या काळात इतकी गर्दी असते की शेठना नीट बोलायला वेळ नसतो, त्या दिवसांत जायचं तर सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा, दुपारी ट्रक लागले की उभं राहायला जागा मिळत नाही.

भावाचं बोलायचं तर सगळंच स्वस्त मिळतं असं नाही. सुट्या मालाला आणि २५ किलोच्या वरच्या पोत्याला जीएसटी लागत नाही, जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद धान्याला ५ टक्के लागतो, तेवढा फरक पडतो. ३० किलोचे कट्टे सगळीकडे दिसतात ते त्यामुळेही परवडतात. पण मी पैसे वाचवायला तिथं जात नाही. वर्षभर एकाच चवीची चपाती आणि एकाच चवीचा भात मिळतो, त्यासाठी जाते. दर महिन्याला वेगळं पाकीट आणलं की दर महिन्याला पाण्याचं प्रमाण बदलतं, कणकेचा अंदाज चुकतो, स्वयंपाक करणाऱ्या माणसालाच त्याचा त्रास कळतो.

साठवणीचं थोडक्यात. गहू आणि ज्वारी आणल्यावर कडक उन्हात वाळवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच कोठीत भरा, गरम धान्य भरलं की आत घाम धरतो. कडुनिंबाचा सुकलेला पाला थरांमध्ये घाला. डाळीला एरंडेल तळहातावर घेऊन हलकं चोळा, शिजवताना धुतलं की जातं. आणि हे मी कळकळीनं सांगते, कुणी सेल्फॉसच्या गोळ्या कोठीत टाकायला सांगितल्या तर अजिबात ऐकू नका. त्यातून विषारी वायू निघतो, बंद घरात झोपलेल्या माणसांचा जीव जाऊ शकतो. त्या गोळ्या गोदामासाठी, प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनी वापरायच्या असतात, घरात त्यांचं काही काम नाही. चार सोंडे झाले तर झाले, चाळता येतात.

घर लहान असेल, दोघंच असाल तर वर्षाचं भरायच्या मागं लागू नका. शेजारणीबरोबर एक कट्टा वाटून घ्या, तीन-चार महिन्यांचं आणा, डाळ तर तेवढीच आणा. आमच्या मजल्यावर तिघी मिळून आणतो, टेम्पोचं भाडं विभागलं जातं आणि वानगीचा भात तीन घरांत शिजतो, म्हणजे मतं पण तीन मिळतात. पोहे, रवा, साबुदाणा मात्र मी मार्केटयार्डातून आणत नाही, ते लवकर खराब होतात, घराजवळच्या वाण्याकडे ज्याचा माल रोज खपतो तिथून किलो-किलोनं आणलेलेच बरे.